कच्च्या डब्यातला शब्द

टिपणीसबाईंबरोबर बसून शब्दकोश करण्यापेक्षा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास अडकलेलं परवडलं, असं मी चार वर्षं घरी येऊन नवऱ्याला ऐकवत होते. ट्रॅफिक निदान कधीतरी सुटतं. बाईंचा शब्द सुटायचं नाव घेत नसे. बाई जाऊन आता वर्ष होईल, आणि त्यांचा श्रीखंडाचा रिकामा डबा माझ्या टेबलावर आहे. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, ‘कच्चे’. तो दिसला की अजून माझं डोकं फिरतं. पूर्वी बाईंवर फिरायचं, आता कोणावर फिरतं ते पुढे येईलच.

नौपाड्यात शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका लहानशा प्रकाशनात मी संपादनाचं काम करते. आमच्या जुन्या मालकांच्या मनात आलं, की मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी कोश काढावा, आणि तो त्यांनी टिपणीसबाईंकडे सोपवला. बाई डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. विठ्ठलवाडीला एकट्या राहायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला ऑफिसात यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि पिशवीतून दोन डबे काढून टेबलावर मांडायच्या. एकावर ‘पक्के’, दुसऱ्यावर ‘कच्चे’. आत चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या, त्यामुळे कितीतरी इंग्रजी शब्दांच्या पाठीवर गणपती असायचा.

कच्च्या डब्यातला शब्द पक्क्या डब्यात जायचा, तर त्याला तीन तोंडांतून जावं लागे. हा बाईंचा नियम. इंग्रजी न येणाऱ्या तीन माणसांना त्या शब्दातला प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, याला तुम्ही काय म्हणाल? तिघांच्या तोंडून जे आलं, ते ऐकून अर्थ लिहायचा. पहिलं तोंड बहुधा आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं, शिर्केमामांचं.

“शिर्के,” बाई एकदा विचारत होत्या, “समजा, एखाद्या ठिकाणी जावं तर लागतंय, पण पाय निघत नाही. असं जाणं म्हणजे कसं जाणं?”

“सासरवाडीला जाणं.”

“अहो, ठिकाण नको, शब्द सांगा.”

शिर्केमामांनी बराच विचार केला. “नाखुशीनं म्हणा, बाई. पण सासरवाडी जास्त बसतंय.”

बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. मग चहावाला, मग खालच्या इस्त्रीवाल्याची बायको. एका ‘रिलक्टंट’पायी अख्खी सकाळ गेली. मी तोवर तीन पुस्तकांची प्रुफं संपवली होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

“बाई, दुसऱ्या कोशांत दिलाय ना अर्थ. तोच घेऊ या की.”

“त्यांनी कुठून घेतलाय, ठाऊक आहे तुला?”

“कुठून?”

“तिसऱ्या कोशातून,” बाई म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी काढली.

मी मुळातच उतावळी. कळव्याहून स्कूटरवरून येते ती सिग्नल पिवळा झाला की गाडी दामटत. बाईंचं सगळं उलटं. सिग्नलचे आकडे दहाच्या खाली आलेले दिसले, की त्या फुटपाथवर थांबायच्या आणि “पुढचा घेऊ” म्हणायच्या. जसा काही सिग्नल म्हणजे बसच. लिफ्टमध्ये एका माणसाची जागा असली तरी “पुढची घेऊ.” आमच्या ऑफिसच्या वाढदिवसाच्या केकलासुद्धा त्या शेवटी जायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला नुसतं पुठ्ठ्याला चिकटलेलं क्रीम यायचं. ते त्या चमच्याने शांतपणे खात. कोणाच्या हातून चहा सांडला, की एक वाक्य ठरलेलं, “सांडायला क्षण लागतो. पुसायचं मात्र सावकाशच पुसावं लागतं.” हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

‘पी’ अक्षर लागलं आणि एका शब्दापाशी गाडं रुतलं. ‘पेल-मेल’. मी म्हटलं, सोपं आहे, घाईगडबडीने. बाईंनी नाक मुरडलं. घाईगडबड एकट्या माणसाचीही होते, हा शब्द बहुतेक वेळा पुष्कळांचा आहे. मग धावपळ? धावपळीत माणूस काहीतरी कामाचं करत असतो. लगबग? लगबग लग्नघरात असते, तिच्यात आनंद आहे. तारांबळ? ती उडते, आणि बघणाऱ्याला हसू येतं. झुंबड एका जागी पडते, हा शब्द पळता आहे. सैरावैरा? त्यात दहा जण दहा दिशांना पळतात. इथे तसं नाही. पोरं जिन्यावरून ‘पेल-मेल’ उतरली म्हणजे सगळी एकाच जिन्यावरून उतरली, घाईत, एकमेकांत मिसळून, कोणाचा पाय कोणावर. मुळात फ्रेंच शब्द, त्यात मिसळण्याचा अर्थ आहे, असं बाई म्हणाल्या.

“आणि पळतात कशाला, ते मला कळत नाहीये,” त्या म्हणाल्या. “पाठीमागे कोणी लागलेलं नाही. पुढे कोणी काही फुकट वाटत नाहीये. मग एवढी कसली घाई?”

“बाई, दहावीच्या पोराला एवढं नको असतं.”

“दहावीच्या पोरालाच हवं असतं. तू नि मी शिकलो तेवढं पुरे.”

चिठ्ठी कच्च्या डब्यात गेली. पुढच्या मंगळवारी बाहेर आली, चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा डब्यात. असं महिनाभर चाललं.

त्याच सुमाराला आम्ही दोघी घोडबंदर रोडच्या एका नव्या शाळेत मुख्याध्यापिकांना कोशाची नमुना पानं दाखवायला निघालो होतो. बाराची वेळ दिलेली. बस मानपाड्याच्या पुढे जाऊन जी बंद पडली ती पडलीच. दहा मिनिटांनी मागून दुसरी बस येऊन पुढे थांबली, आणि आमच्या बसमधला पहिला माणूस उतरून तिच्याकडे धावला. झालं. त्याच्यामागे सगळी बस धावली. पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं, एकाची चप्पल दारातच राहिली. मीही धावले. कोपरं मारत दारात पोचले, एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून पाहिलं, तर बाई बंद बसच्या खिडकीत बसून लिहीत होत्या.

मला रडूच यायचं बाकी होतं. उतरले, परत गेले. बसमध्ये बाई आणि सुकटीची पाटी घेतलेली एक आगरी म्हातारी, एवढ्याच उरल्या होत्या.

“तुम्ही का नाही गेलात हो?” बाई तिला विचारत होत्या.

“कशाला जाऊ? त्या गारीचा नंबर तरी कोनी वाचला का? ती चाललीय डेपोत.” म्हातारीने पाटी सरळ केली. “येक पलाला, का सगली पलाली.”

आणि खरंच, समोरच्या बसचा कंडक्टर हात हलवून ओरडत होता आणि सगळी माणसं एकमेकांना दोष देत खाली उतरत होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कच्च्या डब्यातली ती चिठ्ठी काढली, तिच्या पाठीवर म्हातारीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाल्या, “मेघना, पहिलं तोंड मिळालं.” आम्ही शाळेत पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता आणि मुख्याध्यापिका निघून गेल्या होत्या. परतताना मी बाईंशी एक अक्षर बोलले नाही. त्यांना ते कळलंच नसावं, कारण त्या वाटभर पुटपुटत होत्या, “येक पलाला, का सगली पलाली.”

दुसरं तोंड शिर्केमामांचं. त्यांचं गाव साताऱ्याकडे. ते म्हणाले, “मेंढरावाणी. पयलं मेंढरू ज्या खड्ड्यात पडलं, त्याच खड्ड्यात बाकीची.” ते मला एकदम पटलं. “लिहा बाई, मेंढरांसारखं पळत, आणि संपवा.”

“मेंढरांना उशीर झालेला नसतो गं,” बाई म्हणाल्या. “माणसाला वाटतं, आपल्याला उशीर झालाय. तिसरं तोंड मिळू दे.”

ते मिळायच्या आत आम्ही ‘झेड’पर्यंत पोचलो, जुने मालक दुखणाईत होऊन घरी बसले आणि त्यांचा मुलगा, नितीन सर, ऑफिसात येऊ लागले. माणूस वाईट नाही. पण चालता चालता बोलतो, आणि बोलता बोलता मोबाइल बघतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी काही आठवडे वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरी डबे असले तर राहवणार नाही, म्हणून बाईंनी ते माझ्या कपाटात ठेवले.

“पक्के हवे तर टाइप करून घे,” त्या म्हणाल्या. “कच्च्या डब्याला हात लावू नकोस. थोडेच राहिलेत. मी आले की मार्गी लावू.”

“नाही लावणार, बाई.”

“नक्की ना?”

“अहो, नक्की म्हणजे नक्की!” मी वैतागूनच म्हटलं. इतकं वैतागून दिलेलं वचन मी दुसरं कुठलं दिलं नसेल.

पंधरा दिवसही झाले नाहीत तोच नितीन सर दारातून ओरडत आले, की दुसऱ्या एका प्रकाशनाचा कोश मेमध्ये येतोय. शाळा सुरू व्हायच्या आत आपला आला नाही तर संपलं. खरं म्हणजे तो कोश कोणी पाहिला नव्हता. कोणीतरी कोणालातरी फोनवर सांगितलं होतं. पण ऑफिसचा रंगच पालटला. मुखपृष्ठवाला आतलं पान न बघता चित्र काढून मोकळा झाला. विक्रीवाल्यांनी दुकानदारांना तारीख देऊन टाकली. टाइप करणाऱ्या दोघी मुली डबा खाता खाता टाइप करत होत्या. मी सरांना म्हटलं, कच्चे शब्द अजून व्हायचेत, बाईंना मी शब्द दिलाय.

“अगं मेघना, कोण वाचतंय शब्दन् शब्द? दुसऱ्या आवृत्तीत बघू. टाकून दे.”

बाईंना एक फोन करता आला असता. नंबर लावला, रिंग जायच्या आत बंद केला. त्या “थांब” म्हणाल्या असत्या, आणि थांबायला मला वेळ नव्हता. गुरुवारी दुपारी मी कपाट उघडलं आणि कच्चा डबा त्या मुलींच्या टेबलावर पालथा केला. त्यांना सांगितलं, खोडलेलं सोडा, न खोडलेलं जे असेल ते टाइप करा. दोन दिवसांनी प्रुफं आली. मी नजर फिरवली. वाचली नाहीत, फिरवली. पहिल्या पानावर ‘तपासले’ लिहून सही केली.

कोश मेच्या शेवटी आला. मुखपृष्ठावर बाईंचं नाव ठसठशीत. शिर्केमामांनी हात पुसून एक प्रत घेतली आणि म्हणाले, “मॅडम, आपला तो मेंढरांचा शब्द दाखवा की. बघू तरी छापून आलाय कसा.” मी मोठ्या ऐटीत पान उघडलं. ‘पेल-मेल’च्या पुढे, काळ्या स्वच्छ टायपात, छापलं होतं: ‘थांब. अजून जमलं नाही.’

चिठ्ठीच्या पुढच्या बाजूचं बाकी सगळं बाईंनी खोडलं होतं. स्वतःला बजावलेली ही एक ओळ तेवढी खोडायची राहिली होती.

शिर्केमामांनी माझ्याकडून ते वाचून घेतलं. मग हळूच म्हणाले, “बाईच बोलल्यागत वाटतंय.”

मी एक प्रत घेऊन तशीच स्कूटर काढून विठ्ठलवाडी गाठली आणि ती बाईंच्या हातात दिली. बाई काळा चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी कालच वाचायची परवानगी दिली होती आणि हा त्यांच्या हातातला पहिला छापील कागद. मी काही बोलायच्या आत त्यांनी नेमकं ‘पी’ काढलं. बाकीचं पुस्तक त्यांना बघायचंच नसावं. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“डबा उघडलास.”

“हो.”

“का गं?”

सरांचं नाव, तारीख, दुसऱ्यांचा कोश, सगळं ओठांवर आलं. पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच. “सगळे पळत होते, बाई. मग मीपण पळाले. कशासाठी, ते बघितलंच नाही.”

बाईंनी टेबलावरची एक लग्नपत्रिका ओढली, कात्रीने सावकाश तिचा चौकोन कापला आणि मी बोलले होते ते वाक्य त्यावर लिहिलं. पूर्ण. एकही शब्द न गाळता.

“इंग्रजी येणाऱ्याला मी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “आज नियम मोडला. हे तिसरं तोंड.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चहा न घेताच निघाले. त्यांनीही आग्रह केला नाही.

ऑफिसात मी शुद्धिपत्र छापू म्हणून भांडले. सर म्हणाले, चूक एका ओळीची आणि बोभाटा गावभर कशाला? बाई ऑफिसात आल्या नाहीत. फोन उचलेनात. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका दुकानदाराचा सरांना फोन आला, की तुमच्या कोणी बाई इथे बसून नव्या पुस्तकांवर पेनाने लिहितायत. चारपाच दुकानांत असंच चाललंय म्हणे.

“जा आणि थांबव त्यांना,” सर मला म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

शाळा उघडण्याचे दिवस. दुकानापुढे आया, बाप, पोरं, वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हरं. एकाने काउंटरवर हात टाकला की त्याच्या काखेतून दुसऱ्याचा हात. मी त्यातून घुसले, नेहमीसारखी कोपरं मारत. काउंटरच्या टोकाला एका स्टुलावर बाई बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, काळा चष्मा कपाळावर, शेजारी आमच्या कोशाचा गठ्ठा. एक प्रत उचलायची, पान काढायचं, छापलेली ओळ पट्टी धरून खोडायची, वर बारीक अक्षरात लिहायचं, शाई वाळेपर्यंत फुंकर घालायची, मग दुसरी प्रत. अवतीभोवती एवढी रेटारेटी चाललेली, पण त्यांच्या अक्षराची एक वेलांटी हलत नव्हती.

मी वाकून वाचलं. ‘सगळे पळतात म्हणून आपणही, कशासाठी ते न बघता, घाईघाईने एकमेकांत मिसळून.’

त्यात म्हातारी होती, शिर्केमामा होते. बाकीची मी होते.

“थांबवायला पाठवलंय ना तुला?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“हो.”

“मग?”

गठ्ठा बराच मोठा होता. खिशात मोबाइल थरथरत होता, सरच असणार. मी तो बंद केला, काउंटरच्या आत गेले, एक प्रत उचलली, पान काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी पट्टी लावली. मी पुढची प्रत उघडून तयार ठेवली, तशी त्यांनी माझ्या हातावर हलकेच पट्टी मारली.

“एकेक. घाई नाही.”

मी प्रत मिटून परत गठ्ठ्यावर ठेवली. बाईंनी लिहिलं, फुंकर घातली, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. नवा डोळा जरा लालसर होता.

“वाक्य तुझं आहे,” त्या म्हणाल्या, “पण काळजी करू नकोस. नाव नाही घातलं.”

आणि पुढच्या प्रतीसाठी हात पुढे केला. बाईंची आणि माझी ती शेवटची भेट.